बोटाची पेरं आणि शेक्सपिअरचा ठेका

लीड्सला येऊन चार वर्षं झाली, तरी ऑफिसात मी ‘डेव्हलप’ म्हटलं की समोरचा अर्धा सेकंद थबकतो. मी जोर देते ‘डे’वर, त्यांचा पडतो ‘व्हे’वर. हे दुखणं घेऊन कवितेच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसले आणि कळलं, शाळेत पाठ केलेली इंग्रजी कविता मी कधी ऐकलेलीच नव्हती.

सरांनी शेक्सपिअरची ओळ घेतली, ‘शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे’. दहा अक्षरं, दोन-दोनांचे पाच तुकडे, प्रत्येकात पहिलं हलकं, दुसरं जोराचं. हा आयँबिक पेंटामीटर. मी सवयीने लघु-गुरू लावायला गेले आणि ‘समर्स’पाशी अडले. आपल्या हिशेबाने ‘स’ लघु आणि पुढच्या जोडाक्षरामुळे ‘म’ गुरू. सरांची टेबलावरची थाप मात्र नेमकी ‘स’वर! तिथे अक्षराची लांबी मोजतच नाहीत, आघात मोजतात.

पुढच्या आठवड्यात प्राचीन ग्रीक महाकवी होमर आला आणि मला माहेरी आल्यासारखं झालं, कारण तिथे आपल्यासारखीच अक्षराची लांबी मोजतात. त्याच्या ओळीतल्या तुकड्याचं नाव डॅक्टिल, म्हणजे ग्रीकमध्ये बोट. सरांनी तर्जनी समोर धरली: एक पेर लांब, दोन आखूड. मी वहीत लिहिलं, भ गण, ‘यमाताराजभानसलगा’मधलं ‘भानस’. ‘इलियड’चा पहिलाच शब्द ‘मेनिन’, म्हणजे क्रोध. पुढच्या शब्दातला ‘अ’ त्यात मिसळला की मे-नि-न, गुरू-लघु-लघु. ओळीत असे सहा तुकडे, शेवटचा दोनच अक्षरांचा. बाकीच्यांत दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, म्हणजे मामला मात्रावृत्ताचा. (त्यांचा ‘फूट’ म्हणजे आपला गण, आणि आपला ‘चरण’ म्हणजे अख्खी ओळ. या पायांत मी दोन आठवडे अडखळत होते.)

इंग्रजीने नावं ग्रीकांची घेतली, आत भरला आघात. गंमत म्हणजे खुद्द ग्रीकांकडेही आता तेच. वर्गातल्या ग्रीक मुलीने आजच्या उच्चारात वाचलं, ‘मीनिन’. तिच्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच उरलेला नाही. होमरचा ठेका तिलाही माझ्यासारखाच बोटं मोजून शिकावा लागला.

मग सरांनी मला आमच्याकडचं काहीतरी म्हणायला सांगितलं. मी मनाचे श्लोक म्हटले. भुजंगप्रयात, चार वेळा य गण. सरांनी थाप धरली आणि खूश होऊन म्हणाले, “चार बॅकियस!” बॅकियस म्हणजे त्यांचा लघु-गुरू-गुरू तुकडा, आपला य गणच. नाव कुठून आलं म्हणून विचारलं, तर बॅकसवरून. तो त्यांचा मद्याचा देव. समर्थांचं नाव मी सरांना सांगितलं, बाकी काही बोलले नाही.