पेंचची लांब रात्र: डिसेंबरात तारे बघायला जाणाऱ्यांसाठी

पहिली संध्याकाळ आमच्या हातून गेली, त्याची चुटपुट अजून आहे. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहानंतर मावळतो, तेव्हा गडद अंधार पडायला साडेसात होणारच, असा हिशेब धरून नागपुरातून आरामात पाचला निघालो. पण विदर्भ पूर्वेला आहे. तिथे सूर्य आमच्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी, पावणेसहाच्या आतच मावळतो आणि सातला मिट्ट काळोख होतो. पेंचच्या जंगलालगतच्या सिल्लारी गावी पोचून, सामान टाकून, जेवून बाहेर यायला नऊ वाजले. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेची शेजारीण अँड्रोमेडा, दिवेलागणीनंतर अगदी डोक्यावर असते, ती तोवर पश्चिमेकडे कलली होती. म्हणून पहिली सूचना हीच: चारपर्यंत मुक्कामी पोचा, जेवण नंतर.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले दिवे बदलून उजेड खाली जमिनीवरच पडेल असे केले. रस्त्यावर नीट दिसतं, पण डोळ्यात तिरीप येत नाही. असं आपल्या गल्लीतही सहज करता येईल, हे राहून राहून मनात येत होतं.

आम्ही गेलो ते २०२५ च्या मार्गशीर्ष अमावास्येला, १९ आणि २० डिसेंबरला. थंडीत इथला दिवस १० तास ५० मिनिटांच्या आसपास असतो. संधिप्रकाश दोन्ही टोकांना वजा केला तरी साडेदहा तास खरा काळोख उरतो. जूनमध्ये तो आठ तासही नसतो, आणि वर ढग. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, आणि सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर. पृथ्वीचा आस कललेला आहे, शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याला सर्वांत जवळ असते आणि वेगानं पळते. त्यामुळे या दिवसांत सूर्याची माध्यान्ह घड्याळात रोज थोडी उशिरा येते, आणि तिच्याबरोबर उगवती-मावळतीही पुढे सरकते. लहान मुलं बरोबर असतील, जागरण नको असेल, तर नोव्हेंबरअखेरची अमावास्या गाठा.

दुसऱ्या दिवशी सहालाच सतरंजी टाकली. शनी दुर्बिणीतून पाहिला. कडी जवळजवळ कडेनं दिसत असल्यामुळे सुईसारखी एक रेघ फक्त. पूर्वेला मृग आडवाच उगवतो. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाला माझी आजी तिकांडं म्हणायची. त्या बाणाची रेघ वर वाढवली की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिका. खाली आणली की व्याध. माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं एवढ्या एका रेघेवर अर्धं आकाश पाठ केलं. गुरू पुनर्वसूजवळ लखलखत होता.

मला हवा होता अगस्त्य, दक्षिणेकडचा तो ठळक तारा. पुण्याहून तो क्षितिजावर एकोणीसेक अंश चढतो, इथून जेमतेम सोळा, त्यामुळे झाडं आड येतात. दहापासून मी दक्षिणेकडे डोळे लावून बसलो होतो. बरोबरचे वाटाडे म्हणाले, "थांबा भाऊ, अकरा वाजू द्या, मंग तो झाडावर येते." आला. सागाच्या दोन शेंड्यांच्या फटीत आधी नुसती लुकलुक, मग पांढरा, ठसठशीत. अगस्तींसाठी विंध्य वाकला ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यांचा आश्रम जवळच्या रामटेकला होता असं इथले लोक मानतात. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून तो तारा बघताना मला भरून आलं.

सप्तर्षी पूर्ण वर यायला मध्यरात्र उलटते. धनू राशीतला आकाशगंगेचा ठळक गाभा मात्र या दिवसांत सूर्याच्याच बाजूला असतो. तो हवा असेल तर मार्च-एप्रिलच्या पहाटे या.

आता तयारीचं. वाघोड्याजवळ वनखात्यानं आकाशदर्शनाची सोय केली आहे, तिथली चौकशी आणि नोंदणी निघण्याआधीच करा. हे वाघाचं जंगल आहे, रात्री मनानं पायी कुठेही जायचं नाही. आमच्याकडे पहाटे नऊ अंश होतं. स्वेटर सगळेच नेतात, पण थंडी जमिनीतून चढते. सतरंजीखाली जाड प्लास्टिक आणि पायात दोन मोजे हवेतच. दहानंतर दव पडतं, दुर्बिणीच्या भिंगावर धुकं धरतं, म्हणून मऊ सुती फडकं ठेवा. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा एक पांढरा झोत ते सगळं घालवतो. आमच्या मुक्कामाच्या आवारात रात्रभर एक हॅलोजन जळत होता. विनंती केल्यावर बंद केला, पण तासभर वाया गेला. खोली ठरवतानाच हे विचारून घ्या.

२०२६ साठी तारीख हवी असेल तर १३-१४ डिसेंबर धरा. मिथुन राशीतला उल्कावर्षाव तेव्हा ऐन भरात असतो, आणि चंद्र अमावास्येनंतरचा कोवळा असल्यानं साडेनऊ-दहाला मावळून पुढची सगळी रात्र मोकळी सोडेल.