स्वतःच्या हाताने सर्व्हर पाडला, चार वेळा

आमचा एक डेटाबेस सर्व्हर आहे, २५६ जीबी रॅम, वर्षभर निमूटपणे चालणारा. एका रात्री तो गप्प झाला. पिंग जात होतं पण एसएसएच (दुरून लॉगिन) पासवर्ड घेऊन तिथेच लटकत होतं. ड्युटीवरच्या मुलाने जे सगळे करतात तेच केलं, रिमोट कन्सोलवरून पॉवर रीसेट. सर्व्हर आला, डेटाबेसने स्वतःची रिकव्हरी केली, सकाळी सगळं नॉर्मल. मी लॉग उघडले तर रात्री २:४० ची एक क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची) ओळ आणि त्याच्या खाली थेट नवीन बूटची पहिली ओळ, मधे काहीच नाही. पाच आठवड्यांनी परत सेम टू सेम. सरांनी विचारलं कारण काय, आणि माझ्याकडे सांगायला "माहीत नाही सर" याशिवाय काही नव्हतं. ते वाक्य दुसऱ्यांदा बोलताना फार लाज वाटते.

मग म्हटलं केडम्प लावू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मरताना स्वतःची मेमरी स्वतः डिस्कवर लिहू शकत नाही, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही कारण तोच बिघडलेला आहे. म्हणून बूट होतानाच रॅमचा एक तुकडा बाजूला काढून ठेवतात आणि त्यात दुसरा छोटा कर्नल आधीच भरून ठेवलेला असतो. पहिला पॅनिक झाला (न सावरता येणारी चूक होऊन थांबला) की केएक्सेक वापरून उडी थेट त्या दुसऱ्यात, बायोस वगैरे मधे येतच नाही, त्यामुळे जुनी मेमरी जशीच्या तशी राहते आणि हा दुसरा ती व्हीएमकोअर नावाच्या फाइलमध्ये उतरवतो. २००५ सालच्या २.६.१३ कर्नलपासून हे मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ कोडमध्ये आहे, म्हणजे नवीन काहीच नाही. आळस आमचा.

आणि गंमत म्हणजे केडम्प आमच्याकडे लावलेलंच होतं! निदान सगळे तसं समजून होते. सर्व्हिसचं स्टेटस बघितलं तर लाल, फेल्ड, आणि किती महिन्यांपासून ते देव जाणे. कारण शोधायला दहा मिनिटं लागली. आम्ही सर्व्हर ज्या तयार इमेजवरून बनवतो तिच्यात बूटची कर्नल लाइन जुन्या व्हर्जनवरून कॉपी झालेली, त्यात "क्रॅशकर्नल = ऑटो" असं लिहिलेलं, म्हणजे किती मेमरी राखायची ते तूच ठरव. रेड हॅट लिनक्सच्या ८ पर्यंत ते चालायचं, ९ मध्ये ऑटो काढून टाकलंय, आता आकडा किंवा रेंज द्यावी लागते. कर्नलला ऑटो म्हणजे काय ते कळत नव्हतं, त्याने मेमरी राखूनच ठेवली नव्हती, आणि राखीव मेमरी नाही तर दुसरा कर्नल भरणार कुठे. ग्रबी नावाच्या, बूटच्या ओळी बदलणाऱ्या टूलने सगळ्या कर्नलना ५१२ एमबी लावले (६४ जीबीच्या वर रॅम असेल तर ९ चा डिफॉल्टही तेवढाच आहे), रीबूट केला, कारण ही मेमरी बूटलाच बाजूला निघते, नंतर मागून मिळत नाही. सिसखाली कर्नल फोल्डरमध्ये केएक्सेक क्रॅश लोडेड नावाची एक फाइल असते, ती वाचली, १ आला, म्हणजे दुसरा कर्नल भरलेला आहे. सर्व्हिस हिरवी. मी खूश, घरी.

रात्री झोपताना डोक्यात किडा आला की हे खरंच चालतं हे मला माहीत कुठे आहे? बॅकअपचं जसं रिस्टोअर करून बघेपर्यंत काही खरं नसतं तसंच हे. मग सरांकडून शनिवारी रात्रीची दोन तासांची विंडो मागितली. कारण सांगितलं तेव्हा ते दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले, "म्हणजे तू सर्व्हर मुद्दाम क्रॅश करणार?" हो सर. डेटाबेस सांभाळणारी आमची मैत्रीण म्हणाली, "अरे बाबा, आधी मला स्टँडबायवर, जोडीच्या सर्व्हरवर जाऊ दे, मग काय पाडायचं ते पाड."

विंडो सुरू झाली. डेटाबेस बंद, सिंक मारलं (लिहायचं राहिलेलं सगळं डिस्कवर उतरवणारी कमांड), एका खिडकीत एसएसएच आणि दुसरीत रिमोट कन्सोल. हे कन्सोल उघडं ठेवणं फार महत्त्वाचं आहे, दुसरा कर्नल काय बोलतो ते दुसरीकडे कुठेही दिसत नाही. इको सी, बाण, प्रॉक, सिसआरक्यू ट्रिगर. कर्नलला मुद्दाम पॅनिक करणारी एवढीच ओळ. टाइप करून झाली पण एंटरवर बोट ठेवून मी होस्टनेम तीन वेळा वाचलं, चौथ्यांदा मैत्रिणीला वाचायला लावलं. मग दाबलं. एसएसएच जागीच थिजलं. कन्सोलवर कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, खाली रजिस्टरांचे आकडे भराभर वर गेले, आणि मग डावीकडचा टाइमस्टँप जो लाखात होता तो एकदम शून्य पूर्णांक शून्य शून्य झाला. दुसरा कर्नल उठला! इतका आनंद मला सर्व्हर पडताना कधी झाला नव्हता. आणि वीसेक सेकंदात तोही मेला. आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि प्रोसेस कुठली तर मेकडम्पफाइल, म्हणजे जो डम्प लिहिणार तोच.

झालं असं की ५१२ एमबी हा साधारण मशीनचा हिशोब आहे. आमच्याकडे स्टोरेजची दोन कार्डं आणि चार पोर्टांचं नेटवर्क कार्ड, प्रत्येकाचा ड्रायव्हर स्वतःच्या रांगा आणि बफर मांडून बसतो, दुसऱ्या कर्नलला बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. केडम्प कंट्रोलला एस्टिमेट म्हणून एक सबकमांड आहे, ती तुमच्या मशीनसाठी किती लागेल याचा अंदाज देते. आधी चालवली असती तर अर्धा तास वाचला असता. मी १ जीबी केला, शिवाय डम्प लोकल डिस्कवर घ्यायचाय तर दुसऱ्या कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या वेळच्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) नेटवर्कचा ड्रायव्हर हवाच कशाला, तोही काढला. २५६ पैकी १ जीबी गेला म्हणून कोणी रडणार नाही.

हा सर्व्हर बूट व्हायला अकरा मिनिटं घेतो, मेमरी तपासतच बसतो, त्यामुळे विंडोत जेमतेम आणखी एक प्रयत्न बसत होता.

दुसऱ्यांदा पाडला. यावेळी मेकडम्पफाइल नीट चालू झालं, कॉपीइंग डेटा आणि पुढे टक्के. ४ टक्के. ६ टक्के. आम्ही दोघं ते टक्के बघत बसलो, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे. २० च्या आसपास असताना स्क्रीन काळी आणि थेट बायोसचा लोगो. कोणी काही दाबलं नव्हतं. बूट झाल्यावर बघितलं तर व्हार क्रॅशखाली फोल्डर होतं, पण आत फाइलचं नाव व्हीएमकोअर इनकम्प्लीट. (डम्प पूर्ण झाला की मगच हे शेपूट निघून नुसतं व्हीएमकोअर होतं, त्यामुळे नावावरूनच कळतं.)

यात दोन भानगडी एकात एक गुंतलेल्या होत्या. एक म्हणजे बायोसमधला हार्डवेअर वॉचडॉग. ऑपरेटिंग सिस्टिमकडून दहा मिनिटं काही आवाज आला नाही की तो मशीन रीसेट करतो, आणि दुसऱ्या कर्नलमध्ये त्याला थोपटणारं कोणी नव्हतंच. पण खरा प्रश्न असा की डम्पला दहा मिनिटं लागतातच का. मग ईटीसीमधली केडम्प डॉट कॉन्फ नीट वाचली, आणि कोअर कलेक्टरच्या, म्हणजे डम्प कसा गोळा करायचा त्या ओळीत डम्प लेव्हल १ सापडली.

हा आकडा मी आधी नीट समजून घेतला नव्हता. मला वाटायचं १ म्हणजे कमी, ३१ म्हणजे जास्त डम्प. उलटं आहे! काय काय वगळायचं याच्या खुणांची ती बेरीज आहे. १ म्हणजे नुसती शून्यं भरलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) वगळ, २ आणि ४ म्हणजे दोन प्रकारचे कॅश (डिस्कवरच्या डेटाच्या हाताशी ठेवलेल्या प्रती), ८ म्हणजे युजर प्रोसेसचा डेटा, १६ म्हणजे मोकळी पानं. सगळी वगळली की १ अधिक २ अधिक ४ अधिक ८ अधिक १६, झाले ३१. उरतो फक्त कर्नलचा स्वतःचा संसार आणि बहुतेक वेळा तेवढाच लागतो. आमच्या डेटाबेसचा सगळा कॅश रॅममध्ये, लेव्हल १ वर आम्ही जवळजवळ अख्खी रॅम डिस्कवर उतरवायला निघालो होतो आणि व्हारचं पार्टिशन ८० जीबीचं! वॉचडॉगने नसता मारला तरी डिस्कने मारलाच असता.

पुढच्या शनिवारी लेव्हल ३१, डम्पसाठी वेगळी डिस्क, वॉचडॉगचा टायमर बंद, आणि फेल्युअर ॲक्शन तात्पुरती शेल केली म्हणजे फसलं तर लगेच रीबूट न होता आत बघता येईल. ती गरज पडली नाही. तिसऱ्यांदा पाडला, दोन मिनिटांच्या आत १०० टक्के, रीबूट, फाइल ५ जीबीच्या आसपास, शेजारी व्हीएमकोअर डीमेसेज नावाची टेक्स्ट फाइल, तिच्यात कर्नलचे संदेश. फेल्युअर ॲक्शन परत रीबूटवर आणली आणि टाळी द्यायला हात पुढे केला.

मैत्रिणीने टाळी दिली नाही. म्हणाली, "पण मागच्या दोन्ही वेळा पॅनिक झालंच नव्हतं ना? हँग होता तो."

शप्पथ, मी खुर्चीत बसून राहिलो. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. केडम्प जागा होतो पॅनिकवर. हँग झालेला कर्नल जिवंत असतो, नुसता अडकलेला असतो, तो कशाला पॅनिक होईल. दोन आठवडे मी पडणाऱ्या सर्व्हरची तयारी करत होतो आणि माझा सर्व्हर पडतच नव्हता.

यावर एक उपाय म्हणजे हंग टास्क पॅनिक चालू करणं, म्हणजे एखादी प्रोसेस १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकली की कर्नल स्वतः पॅनिक होतो. मैत्रीण नको म्हणाली, कधी स्टोरेज हळू झालं आणि दोन मिनिटं रायटर अडकला तर चालता डेटाबेस मारशील. ते पटलं. मग दुसरा रस्ता घेतला, सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) अननोन एनएमआय पॅनिक १, म्हणजे अनोळखी एनएमआय आला की पॅनिक हो, आणि हँग झाला की माणसाने रिमोट मॅनेजमेंट कार्डावरून एनएमआय पाठवायचा, आयपीएमआयटूल, चॅसिस, पॉवर, डायग. हा असा इंटरप्ट आहे जो सीपीयूला टाळता येत नाही. त्याच रात्री चौथ्यांदा पाडला तो असा, डम्प आला. मग ड्युटीच्या टेबलावर ठळक कागद चिकटवला: हा सर्व्हर लटकला तर पॉवर रीसेट करायचा नाही, आधी ही कमांड, मग कन्सोलवर १०० टक्के होईपर्यंत हात घडी.

एकोणीस दिवसांनी पहाटे फोन आला. "दादा, लटकलाय. कागदावरचं मारू का?" मार.

डम्प टेस्ट मशीनवर कॉपी केला, त्यासाठी सर्व्हरवरच बसायची गरज नसते. आधी ती डीमेसेजची टेक्स्ट फाइल उघडली, ती वाचायला कुठलंही टूल लागत नाही, आणि तिच्यातच डिस्कवर कधी न पोचलेल्या ओळी होत्या, टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स, एकाखाली एक. मग डम्प उघडणारं क्रॅश टूल. त्याला डीबगइन्फोवाला व्हीएमलिनक्स, म्हणजे फंक्शनांची नावं वगैरे असलेली कर्नलची फाइल लागतो आणि तो अगदी त्याच बिल्डचा. मी घाईत इन्स्टॉल मारलं तर रिपॉझिटरीने सगळ्यात नवीन दिला आणि क्रॅशने तोंडावर सांगितलं की दोन्ही मॅच होत नाहीत. पूर्ण व्हर्जन लिहून परत घेतला. उघडल्यावर फोरईच यूएन बीटी, म्हणजे जे जे अडकलेत त्या सगळ्यांचे बॅकट्रेस, कोण कुठल्या फंक्शनमध्ये थांबलाय त्याचा माग. डेटाबेसचे रायटर, लॉग लिहिणारा, एसएसएचवाले, सगळे एकाच दारात उभे, फाइलसिस्टिम गोठवलेली आहे, उघडेपर्यंत थांबा. आणि रांगेत मधेच एक वेगळं नाव. बॅकअप एजंटचा थ्रेड. मॉड टी मारलं तर त्याचंच मॉड्यूल (कर्नलमध्ये जोडलेला कोड) बाहेरचं म्हणून टेंटेड, म्हणजे डाग लागलेलं. त्याने स्नॅपशॉटसाठी (त्या क्षणाची प्रत घ्यायला) सगळी व्हॉल्यूम गोठवली होती, त्यातल्या एकाला उशीर झाला, त्याची तक्रार तो स्वतःच्या लॉगमध्ये लिहायला गेला, आणि तो लॉग त्याने स्वतःच गोठवलेल्या व्हॉल्यूमवर. आता हा लिहून झाल्याशिवाय गोठवणं सोडणार नाही आणि गोठवणं सुटल्याशिवाय लिहिता येणार नाही. एरवी रात्री लॉगमध्ये लिहायची वेळच येत नसेल म्हणून पाच-पाच आठवडे सुखाचे जायचे.

एजंटवाल्यांनी अख्खा व्हीएमकोअर मागितला. मी फक्त बॅकट्रेस आणि डीमेसेज पाठवले. लेव्हल ३१ ला युजरची पानं वगळली जात असली तरी कर्नलच्या मेमरीत एन्क्रिप्शनच्या किल्ल्या-बिल्ल्या काय पडलेलं असेल सांगता येत नाही. तेवढ्यावर त्यांना कळलं, नवीन मॉड्यूल आलं. तोपर्यंत आम्ही एजंटचा लॉग स्नॅपशॉटमध्ये नसलेल्या डिस्कवर हलवला होता.

मध्यंतरी बाकीच्या चौदा सर्व्हरवर ती केएक्सेक क्रॅश लोडेडवाली फाइल लूप लावून वाचली. पाच ठिकाणी शून्य आला, तीच जुनी इमेज. आता दर शनिवारी एक पाडतोय. दोन झाले, तीन राहिलेत, आणि मैत्रीण अजूनही एंटरच्या आधी होस्टनेम मोठ्याने वाचायला लावते.