उपग्रह इंटरनेटचे अर्ज कसे तपासले जातात

आमच्या बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादेत, इन-स्पेस या अंतराळ क्षेत्रातील खासगी कंपन्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेचे मुख्यालय आहे. भारतात उपग्रहाद्वारे इंटरनेट देऊ पाहणाऱ्या कंपनीला तिची परवानगी लागते. दूरसंचार विभागाचा परवाना वेगळा (स्टारलिंकला तो जून २०२५ मध्ये मिळाला) आणि स्पेक्ट्रम, म्हणजे सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ फ्रिक्वेन्सी, त्याहून वेगळा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या सेवांसाठी लिलावाऐवजी प्रशासकीय वाटपाची तरतूद केली, ती मला योग्य वाटते, कारण फ्रिक्वेन्सींचा एकच पट्टा अनेक उपग्रह-जाळ्यांना समन्वयाने वाटून घेता येतो.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडील, म्हणजे देशादेशांत फ्रिक्वेन्सींचा समन्वय राखणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडील नोंद. अर्जानंतर सात वर्षांच्या आत फ्रिक्वेन्सी वापरात आणावी लागते. परंतु पूर्वी एखादाच उपग्रह सोडून संपूर्ण जाळ्याचा हक्क राखता येत असे. २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने यावर बंधन घातले: काही ठरावीक पट्ट्यांत, त्या सात वर्षांनंतर दोन वर्षांत १० टक्के, पाच वर्षांत ५० टक्के आणि सात वर्षांत सर्व उपग्रह कक्षेत हवेत, अन्यथा नोंदलेली संख्या कमी केली जाते. हा नियम कठोर आहे, पण उशिरा येणाऱ्या देशांसाठी तो मला अत्यंत आवश्यक वाटतो.

शिवाय, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांच्या सेवेत अडथळा येऊ नये म्हणून, खालच्या कक्षांतील जाळ्यांनी रेडिओ उत्सर्जनाच्या ठरवून दिलेल्या मर्यादा पाळल्याचे गणिताने दाखवावे लागते.