किटकॅटमधली तार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र हातात पडलं आणि डोळ्यांसमोर आधी बाई उभ्या राहिल्या. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत 'विज्ञानाच्या बाई' म्हटलं की दुसरं कोणी आठवतच नाही.

प्रयोगशाळेत तेव्हा एक रीतच पडून गेली होती. जोडणी मुलगे करायचे, आम्ही मुली रीडिंग लिहून घ्यायचो आणि जर्नलमध्ये आकृत्या काढायचो. आकृत्या सुबक म्हणून कौतुकही व्हायचं, त्यामुळे काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. नववीत एका दुपारी हीटर लावला आणि फट्‌दिशी वीज गेली. शिपाईमामा रजेवर होते. मागच्या बाकावरचे दोघे लगेच उठले.

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "आज हिला करू दे."

मी मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढून किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचा चिनी मातीचा तुकडा, ओढून काढला. हात थरथरत होते. जळालेली तार सोडवली तेव्हा बाईंनी दोन रिळं पुढे केली, एक बारीक, एक जाड. मी जाड उचलली, पुन्हा जळायला नको म्हणून.

"ही वितळणार नाही. मग काय जळेल?"

मी भिंतीकडे पाहिलं. "वायरिंग."

बारीक तार स्क्रूभोवती गुंडाळली, किटकॅट बसवला, स्विच वर केला. दिवे लागले आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून जोडणी मुली करतील, रीडिंग मुलगे लिहितील. दर आठवड्याला अदलाबदल."

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट त्यांनी त्याच सुमारास सांगितली. 1933 साली कमलाबाई बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम बघून ठरवू, या अटीवर त्यांना घेतलं. ते वर्ष त्यांनी असं गाजवलं की पुढे तिथे मुलींना दार उघडलं. 1939 मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. हे सांगताना बाईंचा आवाज जड व्हायचा.

दहावीनंतर अण्णांनी माझं डी.एड. ठरवून टाकलं होतं. बाई रविवारी एसटीने आमच्या वस्तीवर आल्या. "डी.एड. वाईट नाही, मीही शिक्षिकाच आहे. पण हिचा हात तारेवर चांगला चालतो." अण्णा आठ दिवस गप्प होते. मग तंत्रनिकेतनाचा अर्ज त्यांनीच आणून दिला. इलेक्ट्रिकलच्या वर्गात आम्ही मुली चौघी.

आज मी 132 केव्ही (किलोव्होल्ट) उपकेंद्रांमध्ये रिले टेस्टिंग करते. लाइनमधला मोठा करंट सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) 1 किंवा 5 अ‍ॅम्पियरच्या मापात उतरवून देतो, रिले त्यावर नजर ठेवतो आणि फॉल्ट, म्हणजे बिघाड आला की ब्रेकर ट्रिप करून वीज तोडतो. किती करंटला रिले हलायचा, ते सेटिंग गरजेपेक्षा वर ठेवलं तर ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत रिले हलणार नाही. जाड तारेचीच चूक ती. सुरुवातीची काही वर्षं यार्डात गेले की माणसं विचारायची, "मॅडम, साहेब कुठायत?" आता नवी पोरं सेटिंग विचारायला माझ्याकडे येतात.

गेल्या वर्षी शाळेत आले होते. प्रयोगशाळेत किटकॅटच्या जागी एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारे स्विच बसलेत, ते चांगलंच झालं. पण ओहमचा नियम मुली पडद्यावर बघत होत्या. अ‍ॅमीटरची पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. पडद्यावरचा प्रयोग कधी चुकत नाही आणि चुकल्याशिवाय हात तयार होत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. एका मुलीला विचारलं, पुढे काय करणार? ती म्हणाली, "घरचे म्हणतील ते."

संपादक मंडळाला एक विनंती आहे. महोत्सवात मला सत्कार नको, नववीच्या मुलींचा एक दिवस द्या. बोर्ड, तार, होल्डर, टेस्टर सगळं मी घेऊन येईन. कपाटाची किल्ली तेवढी काढून ठेवा. बाईंना आणायला मी स्वतः गाडी घेऊन जाणार आहे.