ऐनाच्या सालीचा फोटो काढताना

डिसेंबरात आजोळी गेलो होतो, संगमेश्वरजवळ, आणि या वेळी मामाच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडाच्या सालीचे फोटो काढायचेच असं ठरवून गेलो होतो. ज्यांनी ऐन जवळून बघितलाय त्यांना माहितीये, मगरीच्या पाठीसारखे चौकोनी चौकोनी खवले आणि मधे बोट जाईल एवढ्या भेगा. खोड आतून जाड होत जातं पण वरची मेलेली साल काही ताणली जात नाही मग ती तडकते, आणि प्रत्येक झाडाची तडकायची तऱ्हा वेगळी, बाभूळ उभी फाटते, अर्जुनाचे तर पापुद्रे सुटतात आणि खाली गुळगुळीत खोड दिसतं.

पहिल्या दिवशी भर दुपारी गेलो. पन्नासएक फोटो काढले, सगळे सपाट. फ्लॅश मारला तर अजूनच वाईट, कारण उजेड समोरून पडला की भेगेत सावलीच उरत नाही. मामा म्हणाला, "अरे आत्ता काय दिसणार, सकाळी ये, ऊन तिरपं असतं तेव्हा."

दुसऱ्या दिवशी साडेसातला पोचलो. ऊन खोडाला बाजूने घासून जात होतं आणि एकेक खवला उठून दिसत होता, मी जरा वेळ नुसता बघतच राहिलो. पण कडा ब्लर येत होत्या, खोड गोल असल्यामुळे मधलं फोकसमध्ये आलं की बाजूचं सुटतं. मग ट्रायपॉड, अ‍ॅपर्चर एफ ११ (लेन्सचं तोंड बारीक केलं की पुढचं-मागचं जास्त फोकसमध्ये येतं), आयएसओ १०० (फोटोत दाणे दिसू नयेत म्हणून कमी), मागे सरकून झूम, कॅमेरा खोडाला अगदी समांतर आणि दोन सेकंदांचा टायमर. तेव्हा कुठे जमलं! नंतर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांचे जे करडे ठिपके होते ते बघता बघता हिरवट झाले. ओली साल चमकते, त्यासाठी पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा लेन्सवरचा फिल्टर, फिरवावा लागतो, आणि हे सगळं करायला वेळ फार थोडा मिळतो, नऊ वाजले की ऊन चढतं आणि भेगा परत बुजल्यासारख्या दिसतात.

या ऐनाच्या फांद्या राब भाजायला, म्हणजे भाताची रोपं करायची जागा पेरणीआधी भाजायला, कवळ (पानांसकट तोडलेल्या डहाळ्या) म्हणून वर्षानुवर्षं तोडल्यात. त्या जागी गाठी आल्यात, साल चहूबाजूंनी वळून जखमेवर आलीये, मधे मुठीएवढा काळा खळगा. पहिल्या दिवशी मी त्या गाठी मुद्दाम फ्रेमबाहेर ठेवत होतो. तिसऱ्या सकाळी फक्त त्यांचेच फोटो काढले.