रोल नंबरचा ग्रुप आणि पुण्याचं पाणी: माझा अनुभव

दहावीला जलसुरक्षा नावाचा विषय असतो, ज्यांची दहावी होऊन बरीच वर्षं झाली त्यांना माहीत नसेल. श्रेणीचा विषय, टक्क्यांत धरत नाहीत, त्यामुळे पोरं त्याच्याकडे कसं बघतात ते सांगायला नको. आमच्या सरांनी त्याचा प्रकल्प गटात करायला दिला आणि गट पाडले सरळ हजेरीच्या नंबरावरून. माझ्या मैत्रिणी सगळ्या दुसऱ्या टोकाला, आणि माझ्या वाट्याला आलेले पाच जण असे की ज्यांच्याशी वर्षभरात "गणिताची वही दे ना" यापलीकडे बोलणं नव्हतं. विषय मिळाला आपल्या शहराचं पाणी.

व्हॉट्सॲप ग्रुप त्याच दिवशी झाला. पहिल्या तासात डीपी दोनदा बदलला, ग्रुपच्या नावावरून वाद झाला, स्टिकर आले, आणि मग मी विचारलं की कोण काय करणार, तर एकदम शांतता. रात्री एकाने लिहिलं, "मी काहीही करायला तयार आहे, फक्त सांगा". या वाक्याची मला अजून चीड आहे. सांगितलं की "उद्या बघतो", उद्या विचारलं की "अगं क्लास होता". दहावीत क्लास कोणाला नसतो? मलाही होता, बाजीराव रोडला, सुटायचा साडेआठला.

एका गोष्टीत मात्र सगळे लगेच तयार झाले, ते म्हणजे खडकवासल्याला जाणं. फील्ड व्हिजिट! स्वारगेटवरून पीएमटी पकडून गेलो, कणीस खाल्लं, भजी खाल्ली, परत आलो. घरी येऊन फोटो बघितले तर ढिगाने सेल्फी आणि धरणाचे जेमतेम दोन, त्यातल्या एकात दरवाजांच्या पुढे कणीसवाल्याची छत्री.

मग माहितीचं काम मी घेतलं, घेतलं म्हणजे कोणी घेत नव्हतं. पेपरात पावसाळ्यात रोज धरणसाठ्याचं कोष्टक येतं, ते कापून ठेवायला लागले आणि खरं सांगते, मला त्यात मजा यायला लागली. पुण्याला मुख्यतः पाणी देणारी धरणं चार, टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला, चारही भरली की एकूण २९.१५ टीएमसी. आणि त्यात खडकवासल्याचा वाटा किती, तर १.९७. एवढंच! मला वाटायचं खडकवासलाच सगळ्यात मोठं, कारण पुणेकर रविवारी उठून बघायला जातात ते तेच. खरा साठा वर आत, वरसगावला १२.८२ आणि पानशेतला १०.६५, तिकडे भजी खायला किती जण जातात? टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एक टीएमसी साधारण २८३१ कोटी लिटर, हा हिशोब मी चार वेळा तपासला कारण शून्यं मोजताना डोकं गरगरत होतं.

बाकीच्यांचं काम कसं आलं ते ऐका. एकाने 'मुठा नदी' यावर तीन पानं प्रिंट काढून आणली, मी उघडून बघितलं तर प्रत्येक मथळ्यापुढे [संपादन], [संपादन], आणि वाक्यांच्या शेवटी चौकटी कंसात १, २, ३, म्हणजे विकिपीडिया जसाच्या तसा. त्याला म्हणलं अरे वाचून तरी आणायचंस, तर म्हणतो "सर कुठे एवढं वाचतात". दुसरी आमची अक्षरवाली. तिचं अक्षर इतकं सुंदर की मुलाखतीपासून मुखपृष्ठापर्यंत सगळं तिनेच लिहायचं असं न विचारताच ठरलं, आणि ती बिचारी रात्री एकपर्यंत लिहीत बसायची. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्याने धरणाचं मॉडेल थर्माकोलचं करायचं ठरवलं, म्हणजे विषय पर्यावरणाचा आणि सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी, पण त्याच्या बाबांनी कुठूनतरी आणून दिलाच. एक जण शेवटपर्यंत ग्रुपवर फक्त अंगठ्याचा इमोजी टाकत राहिला.

आणि पाचवा, ज्याच्यावर माझा खरा राग. याची आजी नारायण पेठेतली, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तिथेच राहत होती. पहिल्याच दिवशी म्हणाला "आजीची मुलाखत माझ्याकडे लागली". आम्ही खूश. मग आजी गावाला गेली, मग आजीला बरं नव्हतं, मग याची युनिट टेस्ट (जी आम्हालाही होती). शेवटी सबमिशन तोंडावर आल्यावर मी आईला घेऊन स्वतःच गेले त्याच्याकडे. आजी ठणठणीत! म्हणाल्या, "अगं मला काही बोलला नाही हा, ये बस." तासभर बोलल्या. पानशेतचं काम पुरं व्हायचं होतं, त्यात ते फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं हे मी वाचलेलं होतं, पण आजी सांगत होत्या ते वेगळंच. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, डब्यांतले गहू-तांदूळ भिजून कुजलेले, त्याचा वास कितीतरी दिवस नाकातून जात नव्हता. सगळीकडे एवढं पाणी येऊन गेलं आणि प्यायला मात्र पाणी नाही, कारण शहराला पाणी यायचं ते खडकवासल्याचंच, आणि तेच फुटलेलं. हा मुलगा तेव्हा आतल्या खोलीत मोबाईलवर गेम खेळत होता, आवाज बाहेर येत होता.

शेवटची संध्याकाळ अप्पा बळवंत चौकात. कार्डशीट, ग्लिटर पेन, स्पायरल बाइंडिंग, दुकानदार वैतागलेला कारण आमच्यासारखे वीस जण रांगेत. पैसे मी भरले, नंतर सगळ्यांकडून मागितले, दोघांचे अजून यायचेत, सोडून दिले.

तोंडी परीक्षेला सरांनी वही चाळली, "वा, अक्षर काय सुंदर आहे, मॉडेल छान" म्हणाले. कोष्टकाचं पान उलटून पुढे. मग वरसगाव कोणत्या नदीवर असं विचारलं, मॉडेलवाला मुठा म्हणाला, मी मोसे म्हणाले. आणि पानशेतबद्दल कोण सांगेल म्हटल्यावर गेमवाला पुढे! चिखल, कुजलेले गहू, प्यायला पाणी नाही, सगळं माझ्या कागदावरचं, पण काय रंगवून सांगितलं, "माझी आजी म्हणते" करत करत. सर इतके खूश की बाजूच्या वर्गातल्या मॅडमना ऐकायला बोलावलं. आजी त्याचीच, त्यामुळे मला बोलताही येईना. सगळ्यांना अ श्रेणी, अंगठेवाल्यालासुद्धा.

आता एफवायला सायकॉलॉजी आहे, तर त्यात हेच निघालं अभ्यासाला. रिंगलमन नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ ला छापलं, आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या निम्म्यावर येतो. पुढे १९७९ ला लाताने नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या साथीदारांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं, तर आपल्यासोबत बाकीचे ओरडतायत असं नुसतं वाटलं तरी माणूस आवाज कमी काढतो. पण आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की हा चुकारपणा जातो. वर्गात हे शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे तो अंगठा.

म्हणून या सेमिस्टरच्या ग्रुप प्रोजेक्टला मी आधीच मॅडमकडे गेले. म्हणलं, मॅडम, पहिल्या पानावर कोणी कोणता भाग केला त्याचं कोष्टक टाकलं तर चालेल का, आणि प्रश्न ज्याला त्याला त्याच्या भागावर विचाराल का? मॅडम हो म्हणाल्या. ग्रुपवर ते कोष्टक पिन केलं, नाव, भाग, तारीख. दोघीजणी नाराज झाल्या, "एवढं काय ऑफिससारखं" वगैरे. पण काम आलं, अगदी वेळेवर नाही तरी आलं. एकाचा 'निष्कर्ष' सोडून. त्याला दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही, आणि त्याच्यासाठी रात्री जागून लिहिलंही नाही. निष्कर्ष असा मथळा, खाली त्याचं नाव, बाकी पान कोरं, तसंच बाइंड केलं. मॅडमनी पान उघडून त्यालाच विचारलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही, पण पुढच्या प्रोजेक्टचं कोष्टक टाकलं तेव्हा पहिला भाग त्यानेच घेतला.