आत्याच्या सीडीची मागची बाजू

रविवार, रात्र

आत्याच्या भावगीतांच्या सीडीचं कव्हर आज बरंचसं जमलं. पुढच्या बाजूला वेळ लागला नाही. १२ सेंटिमीटरचा चौकोन, त्यात आजीच्या इरकली लुगड्याचा काठ. लुगडं थेट स्कॅनरच्या काचेवर पसरलं. वीण इतकी स्वच्छ आली की धागा न् धागा मोजावा.

माझा जीव अडकतो मागच्या कार्डात. रुंदी १५.१, उंची ११.८ सेंटिमीटर, त्यातून दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरची पट्टी दुमडायची. एवढ्यात प्रत्येक गाण्याचा गीतकार, संगीतकार आणि गायक यायलाच हवा. आत्या ही तिन्ही नावं रेडिओवर ऐकत मोठी झाली. मोबाइलवर पुष्कळदा नुसता गायक दिसतो, पाडगावकर नि सावळारामांसारखे गीतकार गळून पडतात. मला ते फार लागतं.

जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून ही गाणी आटोपशीर. ८० मिनिटांच्या सीडीत चोवीस बसली. म्हणजे एका ओळीला पाच मिलिमीटरसुद्धा नाहीत, आणि देवनागरीला वर वेलांटी-रफार, खाली उकार! आत्याला बारीक अक्षर तर दिसतच नाही.

मग गाण्यांचा क्रमच बदलला. एकेका संगीतकाराची गाणी एकत्र केली: वसंत प्रभू, श्रीनिवास खळे, यशवंत देव, गजानन वाटवे. संगीतकाराचं नाव वर एकदाच, ठळक. प्रभूंकडे शब्द बहुतेक पी. सावळारामांचेच, तेही मथळ्यात गेले. वाटवे स्वतःच गायचे, तिथे गायकाचीही जागा वाचली. ओळी आखूड झाल्यावर दोन रकाने पडले आणि अक्षर चांगलं मोठं करता आलं.

या क्रमाने ऐकूनही पाहिलं. प्रभूंच्या सोप्या, गोड चालींनंतर खळे लागले की त्यांची अवघड वळणं एकदम उठून दिसतात. आता हाच क्रम ठेवणार.

कण्यावर, म्हणजे दुमडलेल्या पट्टीवर, ‘आत्याची भावगीतं’, मुक्ता फाँटमध्ये. घडीच्या रेघेवरून आधी शाई संपलेलं बॉलपेन पट्टी लावून ओढायचं, मग कागद सरळ मुडपतो. उद्या छापते, मॅट कागदावरच. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि नेमकी नावंच वाचता येत नाहीत.